हात धुण्याचा मंत्रचळ

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



चिटणीसांनी मला ‘पाणी वाचवा’ हा विषय दिला होता. ते साहजिक आहे. सिव्हिलचा डिप्लोमा मी इथल्याच पॉलिटेक्निकमधून केला आणि वीसेक वर्षं राज्य सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या कामात आहे. टाक्या, व्हॉल्व्ह, क्लोरीन हेच माझं जग. सयाजीराव महाराजांनी आजवा सरोवर बांधून १८९२ साली या शहराला नळाचं पाणी दिलं, तिथून सुरुवात केली असती तर अर्धा तास कसा गेला ते तुम्हाला कळलंही नसतं. पण मी त्यांना म्हटलं, पाणी वाचवण्यावर दरवर्षी कोणीतरी बोलतंच. या वर्षी मला बेसिनसमोर उभ्या असलेल्या माणसाबद्दल बोलू द्या. तो माणूस मी आहे. मला ओसीडी आहे, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. जंतूंची भीती आणि पुन्हा पुन्हा हात धुणं, हा त्यातला माझ्या वाट्याला आलेला प्रकार. समोर आमची ही बसली आहे, मुलगी बसली आहे. दोघींना विचारून बोलतो आहे.

इंग्रजी नाव लांबलचक आहे. आपल्या भाषेत मात्र एक जुना, नेमका शब्द आहे, मंत्रचळ. चळ लागणं म्हणजे काय ते सांगायला नको. मंत्र बरोबर म्हटला गेला की नाही, अशी शंका येते, माणूस पुन्हा म्हणतो, पुन्हा शंका येते, पुन्हा म्हणतो. आज मराठीत मानसोपचारावर लिहिणारे-बोलणारे हाच शब्द वापरतात. मला तो फार आवडतो. कारण त्यात घाण कुठेच नाही, जंतूही नाहीत. आहे ती फक्त शंका.

लोकांना वाटतं, हा माणूस फार स्वच्छतेचा भोक्ता आहे. कोणी कौतुकही करतं. ऑफिसात आमचे एक गुजराती सहकारी बेसिनपाशी मला बघून म्हणायचे, ‘साहेब, हाथ घसाई जशे.’ हात खरंच झिजले होते. बोटांच्या पेरांवर चिरा, थंडीत त्यातून रक्त. पण माझं कपाट उघडून पाहा. कागदांचा पसारा, तीन वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रं. स्वच्छतेची आवड असती तर तेही आवरलं असतं. मला आवड नव्हती, मला ‘झालं’ असं वाटत नव्हतं.

हे ‘झालं’ म्हणजे काय, ते थोडं सांगतो. तुम्ही दाराला कुलूप लावता, एकदा ओढून पाहता, आणि आतून कुणीतरी म्हणतं, झालं. तुम्ही पायऱ्या उतरता. हे म्हणणारं जे कोणी आहे ते मेंदूत आहे. मेंदूचा पुढचा भाग आणि खोलवरचे काही भाग यांच्यात निरोपांची वर्तुळं फिरत असतात. ओसीडीत त्या वर्तुळातला निरोप बंदच होत नाही. कुलूप लागलेलं डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, पण आतून ‘झालं’ येत नाही. हात स्वच्छ दिसतात, साबणाचा वास येतो, आणि तरी येत नाही. मग वाटतं, मनगटाच्या वर राहिलं असेल. कोपरापर्यंत धुवावं. मग वाटतं, नळाची तोटी तर आपण मळक्या हातानेच उघडली होती. तीच आता धुतलेल्या हाताने बंद केली. पहिल्यापासून.

गंमत बघा, माझा धंदाच जंतूंचा. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असलं पाहिजे, असं आपलं भारतीय मानक सांगतं. मी नमुना घेतो, औषधाचे थेंब टाकतो, रंग येतो, तक्त्याशी जुळवतो, सही करतो. पुढच्या गावाला निघतो. त्या कामात मला आजपर्यंत एकदाही पुन्हा मागे फिरून बघावंसं वाटलं नाही. कारण तिथे आकडा आहे. आकडा आला की काम संपलं. घरच्या बेसिनपाशी आकडा नव्हता. जंतूंबद्दल माझ्याइतकी माहिती असलेला माणूस आमच्या सोसायटीत नसेल, आणि त्या माहितीचा मला काडीइतका उपयोग झाला नाही. तेव्हा अशा माणसाला ‘अरे, एवढे जंतू नसतात’ हे समजावत बसू नका. त्याला ते तुमच्याहून चांगलं ठाऊक असतं.

आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी म्हणतील, हे तर आमच्या सोवळ्यासारखंच झालं. माझी आईसुद्धा सुरुवातीला असंच म्हणायची. तिचं सोवळं कडक. रात्री उंच दांडीवर वाळत घातलेलं वस्त्र सकाळी काठीने काढायचं, नैवेद्य होईपर्यंत कोणी शिवायचं नाही. सोवळं असावं की नसावं, त्यातून माणसामाणसांत काय भिंती उभ्या राहिल्या, हा वेगळा आणि गंभीर विषय आहे, त्यात आज शिरत नाही. पण आईचं सोवळं बारा वाजता संपायचं. नैवेद्य दाखवला, पानं मांडली, की ती सगळ्यांच्यात बसून जेवायची, हसायची. सोवळ्याला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि ते सगळ्यांना ठाऊक असलेले नियम आहेत. मंत्रचळाचे नियम एकट्या माणसाचे असतात आणि रोज एक वाढतो.

हे नियम घरात कसे पसरतात, ते जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते खरा विषय तोच आहे. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की बेल कोपराने वाजवायचो. दार ही उघडायची, म्हणजे मला कडीला हात लावायला नको. पॅसेजमध्ये वर्तमानपत्र अंथरलेलं. बॅग त्यावर. मोबाईल त्यावर. मुलगी आधीच बाथरूमचा नळ सोडून ठेवायची. सुट्टे पैसे, नोटा एका स्टीलच्या ताटलीत, ती ताटली स्वयंपाकघरात यायची नाही. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्याशिवाय फ्रीजमध्ये नाहीत. पाहुणे येऊन गेले की सोफ्याचं कव्हर धुवायला. मग पाहुणेच कमी झाले. यातलं काहीही मी ओरडून करून घेतलं नाही. घरच्यांनी आपलेपणाने केलं. मला त्रास होऊ नये म्हणून केलं. आणि प्रत्येक गोष्टीनंतर माझा प्रश्न, ‘लागलं नसेल ना?’ आणि तिचं उत्तर, ‘नाही हो, स्वच्छ आहे.’ हे उत्तर मिळालं की मला पाच मिनिटं बरं वाटायचं. सहाव्या मिनिटाला पुन्हा प्रश्न. एका रविवारी मुलीने वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून मोजलं, तर चाळीसच्या वर प्रश्न भरले. मुलगी तेव्हा सहावीत होती.

याची सुरुवात कशातून झाली, असं लोक विचारतात. १९९४ साल इथल्या अनेकांना आठवत असेल. गणपती नुकतेच उठले होते आणि सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली. लाखो लोक सुरत सोडून निघाले. पन्नासच्या वर माणसं दगावली. सुरतेहून येणाऱ्या गाड्या आपल्याच स्टेशनात थांबायच्या, शहरात जो तो तोंडाला रुमाल बांधून, औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसं झालेलं. मी तेव्हा शाळकरी पोरगा. तो सप्टेंबर माझ्या डोक्यात पक्का बसला आहे, हे खरं. पण त्याच गाडीतून आलेली, त्याच गल्लीत राहिलेली हजारो पोरं आज आरामात लारीवर सेव उसळ खातात. डॉक्टरांनी मला सांगितलं, की एका प्रसंगाने ओसीडी होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा भाग असतो, मेंदूच्या जडणघडणीचा असतो, परिस्थितीचा असतो. मला हे ऐकून बरं वाटलं. कारण आपल्याकडे मानसिक आजार म्हटला की लगेच कोणाच्या तरी संस्कारांवर, नाहीतर कोणाच्या तरी सासूवर खापर फुटतं.

मग २०२० आलं. सगळं जग वीस सेकंद हात धुवायला लागलं, भाजी धुवायला लागलं, पार्सलवर फवारे मारायला लागलं. हात धुण्याची महती खोटी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या एका प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने बाळंतिणींना तपासण्याआधी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायची सक्ती केली आणि बाळंतरोगाने होणारे मृत्यू पाहता पाहता खाली आले. क्लोरीनवर पोट असलेल्या माणसाला तो आमचा आद्य पुरुषच. पण २०२० ने माझ्यासारख्यांचं काय झालं? आमचा आजार सरकारी सूचनांच्या गर्दीत दिसेनासा झाला. इतरांचे वीस सेकंद वीसच राहिले. माझी वीस मिनिटं झाली. आणि साथ ओसरल्यावर इतरांनी बाटली बाजूला ठेवली तेव्हा मी एकटाच बेसिनपाशी उरलो. तेव्हा घरातल्या सगळ्यांना कळलं, की याचा कोरोनाशी संबंध नाही.

२०२२ च्या सुरुवातीला उपचार सुरू झाले. एक प्रश्नावली असते, येल-ब्राउन नावाची, १९८९ पासून जगभर वापरतात. दहा प्रश्न, चाळीसपैकी गुण. मला सत्तावीस पडले. परीक्षेत एवढे पडले असते तर आनंद झाला असता. इथे त्याचा अर्थ ‘तीव्र’. गोळी सुरू झाली. या आजाराला सर्ट्रालिन, फ्लुओक्झेटिन, फ्लुवोक्सामिन अशा औषधांपैकी एखादं देतात, जुनं क्लोमिप्रामिनही आहे. ही झोपेची औषधं नव्हेत. गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, आणि नेमक्या तिसऱ्या आठवड्यात आपली मंडळी ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करतात. नंतर बरं वाटलं म्हणून बंद करतात, तेही मनाने. दोन्ही करू नका.

दुसरा भाग जास्त अवघड, आणि त्याची गोष्ट मला पाणीवाला म्हणून विशेष वाटते. १९६६ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलातले मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यातल्या एका बाईंना धुण्याचाच मंत्रचळ होता. मायर यांनी तिच्या खोलीतलं पाणी बंद केलं! नको वाटणाऱ्या वस्तूला हात लावायला सांगायचं, आणि नंतर धुवू द्यायचं नाही. नर्सेस सोबत बसून राहायच्या. त्या काळी लोकांना वाटायचं, असं केलं तर रोगी वेडापिसा होईल. तसं झालं नाही. भीती वर चढली, थांबली, आणि आपोआप उतरली. आज जगभर हाच उपचार पहिला मानतात. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तर खास ओसीडीचं क्लिनिक आहे.

माझा नळ कोणी बंद केला नाही, तो मलाच बंद ठेवायचा होता. मानसशास्त्रज्ञ मॅडमनी माझ्याकडून भीतीची एक शिडी लिहून घेतली. सगळ्यात खाली घराच्या दाराची कडी. मग दहाची नोट. लिफ्टचं बटण. बसची दांडी. लारीवरची प्लेट. सगळ्यात वर चपलेचा तळवा. एकेक पायरी रोज करायची आणि दर पाच मिनिटांनी भीतीला शंभरपैकी गुण द्यायचे. मी सरकारी माणूस, नोंदवही ठेवायला मला आवडतं. चपलेच्या दिवसाची नोंद अजून आहे माझ्याकडे. हात लावला तेव्हा नव्वद. दहाव्या मिनिटाला पंच्याण्णव. पंचविसाव्या मिनिटाला पंच्याण्णवच. मी मॅडमना म्हटलं, हे उतरणार नाही. त्या म्हणाल्या, बरं, लिहा. चाळिसाव्या मिनिटाला सत्तर. पंचावन्नाव्या मिनिटाला चाळीस, आणि मला एकदम जाणवलं, की मधली पाच मिनिटं मी क्रिकेटच्या स्कोअरचा विचार करत होतो. बेसिनपाशी इतकी वर्षं मी ज्या आकड्याच्या शोधात होतो तो असा, न धुता मिळाला.

घरच्यांना मात्र वेगळा अभ्यास होता. प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. मी विचारणार, ‘लागलं नसेल ना?’ आणि त्यांनी म्हणायचं, ‘माहीत नाही.’ रागावून म्हणायचं नाही, टोमणा मारायचा नाही. आमच्या हिने यात एक भर घातली. ती म्हणायची, ‘माहीत नाही. चहा टाकू?’ दिवसाला आठ-दहा वेळा. त्या महिन्यात मी जेवढा चहा प्यायलो तेवढा आयुष्यात प्यालो नसेन. मुलीला हे सगळ्यात लवकर जमलं. पोरं नियम लवकर शिकतात.

आईला जमलं नाही. ऐंशीच्या घरातली बाई. मुलगा कासावीस होऊन विचारतोय, आणि दोन शब्दांनी त्याला बरं वाटणार आहे, ते दोन शब्द गिळायचे कसे? ती सर्वांसमोर ‘माहीत नाही रे बाबा’ म्हणायची आणि मी पाण्याला उठलो की मागून येऊन हळूच सांगायची, ‘धुतलेत रे, स्वच्छ आहेत.’ मॅडमनी तिला एकदा बोलावून घेतलं. समजावलं, की ते दोन शब्द म्हणजे त्याची गोळी नाही, ते त्याच्या आजाराचं खाणं आहे. आई ऐकून घेत होती. घरी आल्यावर म्हणाली, ‘मला बोलता येत नाही असं होणार नाही. पण मी जपाला बसेन.’ त्यानंतर माझी घालमेल सुरू झाली की ती माळ घेऊन देवासमोर बसायची. जप चालू असताना बोलायचं नसतं, हा तिचा नियम. तिने स्वतःच्या सोवळ्यातूनच वाट काढली. आई गेल्या हिवाळ्यात गेली. त्याआधी दीड वर्षं तिने मला एकदाही ‘स्वच्छ आहेत’ असं सांगितलं नाही. तिला ते किती जड गेलं असेल, ते इथल्या आयांना मी सांगायला नको.

ऑगस्ट २०२४ चा पूर तर सगळ्यांनी पाहिला आहे. विश्वामित्रीची धोक्याची पातळी पंचवीस फूट, आणि पाणी पस्तीसच्या वर गेलेलं. आमच्या तळमजल्यात तीन फूट पाणी. सोसायटीच्या फाटकापाशी मगर. पाणी उतरलं तेव्हा घरभर गटाराचा काळा गाळ. नातेवाइकांचे फोन मला नव्हे, हिला येत होते, ‘त्यांचं कसं काय?’ त्यांचं उत्तम चाललं होतं. मी गुडघाभर गाळात उभा राहून शेजाऱ्यांना ब्लीचिंग पावडरचा हिशेब सांगत होतो: हजार लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम, ढवळा, तासभर थांबा, मग वापरा. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नका, ताप आला तर लेप्टोची तपासणी करून घ्या. नळ बंद, म्हणून मगभर पाण्यात हात धुऊन जेवायचं. जेवलो. मॅडमना नंतर विचारलं, त्या म्हणाल्या, यात नवल नाही. खरा धोका असतो तेव्हा काय करायचं ते ठरलेलं असतं, तुमच्या आजाराला शंकेची जागा लागते. पुढच्या आठवड्यात, ७ सप्टेंबरला, ओल उतरलेल्या भिंतीपाशी आम्ही गणपती बसवला. आणि सगळं सुरळीत झाल्यावर, लख्ख पुसलेल्या घरात, दिवाळीच्या सुमारास मला पुन्हा दुधाच्या पिशवीची शंका यायला लागली. तेव्हा पुन्हा वही काढली.

आता थोडं हिशेबाचं. २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं, त्यातल्या बारा राज्यांत गुजरातही होता. त्यात हजार प्रौढांमागे साधारण आठ जणांना ओसीडी आढळला. आज या हॉलमध्ये अडीचशे खुर्च्या आहेत, सगळ्या भरल्या आहेत. म्हणजे हिशेबाने दोघे. एक मी. दुसऱ्याला हात वर करायला मी सांगणार नाही. आणि तो हातच धुणारा असेल असंही नाही. कुणी गॅस दहादा बघत असेल, कुणी मोजत असेल, कुणाच्या मनात देवासमोरच नको ते विचार येत असतील आणि तो लाजेने मेला असेल. हे सगळं त्याच एका आजारात बसतं.

जायचं कुठे? सयाजी हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे. कारेलीबागेत सरकारी रुग्णालय आहे. नाव ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या, त्या जाऊ द्या. फोनच करायचा असेल तर १४४१६, टेली-मानस, २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीही उचलतात. मेडिक्लेम असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपनीला मानसिक आजार इतर आजारांसारखाच धरावा लागतो, तेवढं एजंटला विचारून ठेवा. आणि घरच्यांनी पहिल्या दिवसापासून उत्तरं बंद करू नयेत. आधी डॉक्टर, मग शिडी, मग ‘माहीत नाही’. क्रम चुकला तर तो निव्वळ छळ होतो.

माझे गुण सध्या बाराच्या आसपास आहेत. गोळी चालू आहे, डोस कमी झाला आहे. सकाळी आंघोळीच्या वेळी अजून पाच-सात मिनिटं जास्त जातात. मघाशी आरतीचं तबक हातोहात फिरत माझ्याकडे आलं तेव्हा पन्नास होते, हे बोलता बोलता बहुतेक वीसवर आले असतील, पाहिलं नाही.

अध्यक्ष घड्याळाकडे बघत आहेत आणि मागे खिरापतीचा डबा उघडला गेला आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर मी त्याच रांगेत आहे. गणपती बाप्पा मोरया.